जगप्रवासाची रंगीत तालीम

“सुट्टीवर आलेली दिसते. पुन्याचे लोक असेच रायतात, कोनाशी बोलत नाई.”

माझ्या मागच्या सीटवरची बाई शेजारणीला सांगत होती, आणि आवाज कमी करण्याची तिला काही गरज वाटत नव्हती. बस पुसदच्या स्टँडमधून नुकतीच बाहेर पडली होती. मी निळी बॅग मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते.

“कंडक्टर भाऊची पोट्टी व्हय ते,” शेजारीण म्हणाली. “इंग्रजी शाळेत होती. लय मोठी साहेब हाय म्हंते.”

“मंग बोलत काहून नाई?”

“इंग्रजी शाळेत होती ना वं!”

दोघी हसल्या. मलाही हसू आलं, पण मी ते खिडकीबाहेर पाहत जिरवलं. त्यांचं एकच चुकलं होतं. मी सुट्टीवर नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मी निवृत्त झाले होते.

अकरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम केलं. त्या अकरा वर्षांत गाडी घेतली नाही, फ्लॅट घेतला नाही, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहिले आणि पगारातला अर्ध्याहून जास्त भाग दर महिन्याला म्युच्युअल फंडात टाकत गेले. ऑफिसमध्ये मला कंजूष म्हणायचे. मी वाद घातला नाही, मी कुणाशीच वाद घालत नाही. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं: पाठीवर एक बॅग, आणि परतीचं तिकीट नाही. साठवलेल्या पैशांतून जे येईल त्यातलं थोडंसं खर्चायचं, स्वस्त देशांत सावकाश राहायचं, आणि उरलेलं आयुष्य जग बघत काढायचं. नऊ दिवसांनी माझं मुंबईहून हनोईचं विमान होतं.

हे बाबांना माहीत नव्हतं. त्यांना मी ‘सुट्टी’ म्हणून सांगितलं होतं. खरं काय ते सांगणारा मेसेज दोन महिन्यांपासून फोनमध्ये लिहून तयार होता. विमानात बसल्यावर तो पाठवायचा आणि फोन बंद करायचा, असा बेत होता. बेत भित्रा होता, पण पक्का होता.

बाबा एसटीत कंडक्टर होते. इंजिनाच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. त्यांच्या पगारात माझ्या शाळेची फी कशी बसायची, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आई गेल्यापासून ते माझ्या भाऊ-वहिनीजवळ पुसदलाच असतात आणि रोज दुपारी स्टँडवरच्या बाकावर आपल्यासारख्याच निवृत्त मित्रांबरोबर बसतात. घरात वऱ्हाडी बोलू नका, मुलीची भाषा बिघडेल, असं शाळेतल्या मॅडमनी एकदा बजावलं होतं. तेव्हापासून ते मित्रांशी वऱ्हाडी बोलतात आणि माझ्याशी धड्यातलं मराठी.

जगाआधी एक रंगीत तालीम करून बघावी, असं मला वाटलं. मी व्हिएतनाममधल्या बसचे रस्ते पाठ केले होते, पण माझ्या जिल्ह्यात घर, शाळा आणि ट्यूशन यांच्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. म्हणून ठरवलं, चार दिवस, एक बॅग, मिळेल ती बस, मिळेल ते जेवण. बाबांना कल्पना फार आवडली. “फुलसावंगीला जाणार असशील तर तिथून तांड्यावर सोनीयाडीकडे अवश्य जा,” ते म्हणाले. याडी म्हणजे आई. ही बंजारा म्हातारी वीस वर्षं त्यांच्या बसनं खवा घेऊन पुसदच्या बाजारात यायची. “माझा रामराम सांग. आणि बाळा, पोटभर जेव. तिथे नाही म्हणता येत नाही.”

फुलसावंगी

सोमवार होता. अकरा वर्षं दर सोमवारी सकाळी ऑफिसात माझी कुणीतरी वाट बघत असायचं; आज कुणी बघत नव्हतं. मला बसमध्ये गाणं म्हणावंसं वाटत होतं. अर्थात म्हटलं नाही.

बाहेर हिवाळ्याचं ऊन होतं. तुरीला शेंगा लगडल्या होत्या, कापसाची दुसरी वेचणी चालू होती, आणि मध्येच हळदीच्या वावरात पानं पिवळी पडून जमिनीला टेकली होती. दूर सागाच्या टेकड्या. हे सगळं मी लहानपणी अनेकदा पाहिलं असणार, पण तेव्हा माझ्या मांडीवर पुस्तक असायचं.

फुलसावंगीला उतरून गरम भजी खाल्ली. बरोबर तळलेली मिरची आली, ती खाऊन डोळ्यांतून पाणी आलं, आणि टपरीवाल्यानं न मागता आणखी दोन मिरच्या टाकल्या. पुण्यात जास्तीची चटणी मागितली की माणूस तोंड वर करून बघतो. इथे माझं रडणं म्हणजे दाद समजली गेली.

तिथून काळीपिवळी जीपनं तांड्याच्या फाट्यापर्यंत आले आणि पुढे चालत निघाले. विचारायचं म्हणजे बोलावं लागतं, म्हणून मी कुणाला विचारलं नाही. फोनमधल्या नकाशावर विसंबले. नकाशानं मला गाडवाटेवरून पायवाटेवर, पायवाटेवरून बांधावर नेलं, आणि एका हळदीच्या वावराच्या मधोमध उभं करून जाहीर केलं की तुम्ही पोचला आहात. बांधावरून परत फिरताना बॅगेचा पट्टा काटेरी तारेत अडकला. मी ओढला. जगभर टिकेल म्हणून घेतलेली बॅग घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर फाटली.

“तांड्यावर जाचं का?” वावरातला एक माणूस लांबून ओरडला. मी मान हलवली. “मंग इकडं हळदीत काय करून राह्यल्या मॅडम? तो पाहा ना, लिंब दिसते तिथी!”

तांडा दोनशे पावलांवर होता.

तांडा

आता माझी झालेली फजिती सांगते.

विमानात हातातलं सामान सात किलोच्या वर चालत नाही, म्हणून मी हातात धरायचा एक लहान वजनकाटा घेतला होता. वर मूठ, खाली हुक. पट्ट्याशी फाटलेल्या बॅगेतून सामान सांडू नये म्हणून मी काही वस्तू हातात घेतल्या होत्या, त्यात तो काटाही होता. कडुलिंबाखाली बसलेल्या एका बाईनं तो पाहिला आणि आत हाक मारली, “अंगनवाडीची वजनवाली मॅडम आल्या वं! पोट्टे घेऊन या!”

बघता बघता तीन बायका कडेवर तान्ही बाळं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. मी तोंड उघडलं. ‘मी ती मॅडम नाही’, एवढे चार शब्द म्हणायचे होते. ते आले नाहीत. एकीनं लुगड्याची झोळी केली, ती हुकाला अडकवली, आपले दोन्ही हात खाली धरले, आणि बाळ आत ठेवलं. काय करणार? मी आकडा वाचला.

“सहा किलो चारशे.”

माझ्या बॅगेपेक्षा सहाशे ग्रॅम कमी. बाळ माझ्याकडे बघून हसलं. आईनं विचारलं, “वाढलं ना मॅडम?” मी म्हटलं, “छान आहे.” दुसरं बाळ झोळीत ठेवणार तेवढ्यात घरातून एक म्हातारी बाहेर आली. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची चोळी, कानाजवळ चांदीचे मोठे झुमके. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून हसत सुटली.

“अवं, हे तं कंडक्टर भाऊची पोरगी! नाक पाहा ना, तिकीट फाडते तेच नाक!”

सगळा तांडा हसला. तीच सोनीयाडी. “बेस,” तिनं बाज पुढे ओढली. बसल्याबसल्या पाणी आलं, चहा आला, आणि अर्ध्या तासात ताट आलं. बाटी म्हणजे ज्वारीची जाड भाकर, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी, वर तुपाची धार. मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरीला नाही म्हणून पाहिलं. बाबा बरोबर म्हणाले होते.

संध्याकाळी याडीनं फाटलेली बॅग ओढून घेतली, पट्टा पाहायला म्हणून. “हे माह्या सुईनं होत नाई, जाड हाय. उमरखेडले रशीदकडं ने.” पण बॅग तिनं सोडली नाही. एकेक वस्तू बाहेर काढून बाजेवर मांडत गेली. सुई-दोरा, नायलॉनची दोरी, स्टीलचा एकच मग, औषधांची पिशवी, दोन कपडे, पातळ चादर. शेवटी स्टीलचा मग तिनं बोटानं टिचकी मारून वाजवला.

“हे लदेणीचं सामान हाय.”

लदेणी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. याडीच्या सासऱ्याचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. शेकडो बैल, मागे बायका-पोरं, मुक्काम आज इथे तर उद्या तिथे. घर म्हणून काही नव्हतंच. मग आगगाड्या आल्या, मीठ गाड्यांनी जाऊ लागलं, आणि ही माणसं शेतकरी झाली. मी ऐकत राहिले. मला वाटायचं, कायम प्रवासात राहण्याची युक्ती इंटरनेटवरच्या कुणीतरी शोधून काढली आहे आणि मी ती शिकले आहे. इथे बाजेवर बसलेली म्हातारी सांगत होती की तिच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या चालत होतं. मला इतका आनंद झाला की मी एकदम विचारलं, “मग त्यांना भीती नाही वाटायची?”

“कायची? वाघाची वाटे.” मग तिनं दोरी उचलली. “सुट्टीवर आलेली बाई दोरी कायले घेते वं?”

मी सामान परत बॅगेत भरू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात हुरडा भाजला. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत, मग तळहातावर चोळून फुंकर मारायची. माझ्या पहिल्या फुंकरीनं हुरडा याडीच्या सुनेच्या तोंडावर उडाला. ती तीच बाळवाली, आणि बाळ शेजारी झोळीत. “मॅडम, वजन करून घ्या, काई राह्यलं का हातात?” ती म्हणाली. दिवसभर मला हाच टोमणा होता. भाजी वाढताना वजन, पाणी भरताना वजन. अकरा वर्षांत ऑफिसमध्ये मला कुणी असं चिडवलं नव्हतं. चिडवायला माणूस आधी थोडा तरी ओळखावा लागतो.

दुपारी याडी आणि मी बांधावर बसलो होतो. मी सहज विचारलं, तिचं लग्न कसं झालं.

“अय, ते नको विचारू,” ती म्हणाली, आणि लगेच सांगू लागली.

त्यांच्यात नवरी निघताना तिला बैलाच्या पाठीवर उभी करतात. तिनं दोन्ही हात वर करून, साऱ्या तांड्यासमोर, मोठ्यानं निरोपाचं गाणं म्हणायचं असतं. त्याला हवेली म्हणतात. बापाच्या घराला, गाईगुरांना, मैत्रिणींना, सगळ्यांना सांगायचं की मी चालले, तुमचं भलं होवो. सोनीयाडी लाजाळू होती. बैलावर चढवली, हात वर केले, आणि गळ्यातून आवाजच निघेना.

“मग?”

“मंग काय? बैल धरून ठेवला ना बायकाईनं. वऱ्हाडी उन्हात. नवरा उन्हात. तांड्याचा नायक म्हने, म्हन पोरी. माय म्हने, म्हन. मी नुसती रडून राह्यली. रडनं चालत नाई. म्हना लागते. बोलल्याबिगर बैल हालू देत नाई.”

“किती वेळ?”

“सावली इथून तिथी गेली.” तिनं बांधावरच्या दोन दगडांकडे बोट दाखवलं. “शेवटी बैलच वैतागला. हालला जरासा, मी भ्याली, अन् तोंड उघडलं. मंग असं म्हनलं वं, शेजारच्या तांड्यात ऐकू गेलं!”

मी हसले, आणि हसता हसता विचारलं, की एवढी सक्ती कशासाठी? गुपचूप गेलं तर काय बिघडतं?

याडीनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी भाकर कशाला भाजतात विचारलं होतं. “न सांगता गेली तं मांगचे लोक धुंडत बसतात ना वं.”

वाऱ्यानं हुरड्याचा भुसा उडत होता. मी अगदी हळू आवाजात तिला सगळं सांगितलं. नोकरी सोडली, परत जाणार नाही, नऊ दिवसांनी, आता आठ दिवसांनी विमान आहे, बाबांना माहीत नाही.

“काम नाई करनार तं खाशीन काय?”

मी जमेल तसं समजावलं. साठवलेल्या पैशांना फळ येतं, त्यातलं थोडं खायचं, मूळ तसंच ठेवायचं.

“बियान्याले हात लावाचा नाई,” याडी म्हणाली. फंडाची माहितीपत्रकं वाचून मला जे समजायला दोन वर्षं लागली, ते तिनं एवढ्यात संपवलं. मग ती उठली, लुगडं झटकलं.

“पन मले काहून सांगून राह्यली? मी का तुहा बाप हाय? मले सांगून बैल हालनार नाई.”

उमरखेड

तिसऱ्या दिवशी निघताना सुनेनं पुन्हा बाळ काट्याला लावून घेतलं. आकडा तोच होता, पण ती म्हणाली वाढलं, आणि मी हो म्हटलं.

महागावला बस बदलून उमरखेडला आले. इथे बोली बदलते, फलाटावर मराठवाड्याचं मराठी कानावर येऊ लागतं, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या असतात. पलीकडे पैनगंगा आणि पुढे नांदेड. मला हे सगळं सीमेवरच्या शहरासारखं वाटलं आणि उगाच पासपोर्ट चाचपून पाहिला.

रशीदचाचांचं दुकान बाजाराच्या गल्लीत, शिवणयंत्र आणि एक स्टूल मावेल एवढं. त्यांनी पट्टा उलटा-पालटा केला, शिवण नखानं उसवून पाहिली.

“बाहर मुल्क की बॅग दिसती. दिखने में अच्छी, सिलाई में कच्ची. लंबा जाना है क्या बेटा?”

मी मान हलवली. त्यांनी आतून चामड्याची पट्टी लावली आणि यंत्र चालवत विचारलं, कुणाची? मी बाबांचं नाव सांगितलं. यंत्र थांबलं.

“कंडक्टरसाब की बेटी! अरे, पिछले जुम्मे को तो मिले थे. बोल रहे थे, रशीदभाई, मेरी बेटी अब मॅनेजर बननेवाली. सुट्टी के बाद ऑर्डर निकलेंगी. हमकू बोले, पेढे खिलाता तुमकू.” ते हसले. “पेढे भूलना नहीं बोलना उनकू.”

मॅनेजरपदाची गोष्ट मी कधीतरी फोनवर बोलले होते, वर्षापूर्वी, विषय बदलायला म्हणून. बाबांनी ती जपून ठेवली होती.

चाचांनी पट्टा ओढून दाखवला, मग स्वतः त्याला लोंबकळल्यासारखं केलं. “ये अब नहीं टूटता. जहां जाना है जाओ.” त्यांनी ठरलेले पैसे नीट मोजून घेतले. मी बाहेर आले, स्टँडवर उसाचा रस घेतला, फोन काढून तो मेसेज वाचला. चांगला लिहिला होता. व्याकरण शुद्ध होतं. बाबा तो कुठे वाचतील याचा मी पहिल्यांदाच विचार केला. त्याच बाकावर, मित्रांमध्ये, चष्मा वर करून, कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवताना.

मी मेसेज पुसून टाकला. खरं सांगते, पाय हलके झाले होते.

पुसद स्टँड

उमरखेडला मुक्काम करून निघाले, आणि चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता बस पुसदला लागली. बाबा बाकावर होते, दोन्ही बाजूंना दोन निवृत्त ड्रायव्हर. मला पाहून ते उभे राहिले.

“कसा झाला प्रवास, बाळा? सोनीयाडी भेटल्या का?”

“भेटल्या. रामराम सांगितलाय.” मी बॅग खाली ठेवली. “बाबा, मला तुम्हाला काही सांगायचं आहे.”

“घरी गेल्यावर सांग. इथे फार गोंगाट आहे.” शेजारच्या फलाटावर एक बस इंजिन चालू ठेवून उभी होती, पत्रा थरथरत होता.

घरी गेल्यावर. किती सोपं होतं. घरी वहिनी चहा करेल, भाऊ येईल, उद्या सांगू, परवा सांगू.

“मंग पोरी, किती दिवसाची सुट्टी हाय आता?” एका ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

“सोमवारी जॉइन व्हा लागते तिले,” बाबा माझ्या वतीनं म्हणाले. “मॅनेजर होनार हाय ना गा.”

मी म्हटलं, “बाबा, मी सोमवारी जाणार नाही.” कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. बाबांनी उजवा कान पुढे केला, कपाळाला आठ्या घालून. पत्र्याची थरथर वाढली. मला एकदम जाणवलं की मी रडले तर बाबा मला घरी नेतील, आणि हे कधीच बोललं जाणार नाही.

“काय म्हनून राह्यली?” बाबा ओरडले. माझ्याशी ते वऱ्हाडी बोलले, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. “जोरानं बोल ना वं! ऐकू नाई येत!”

मी श्वास घेतला आणि इंजिनाच्या वर आवाज चढवला. त्याच क्षणी ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, आणि अख्ख्या पुसद स्टँडनं ऐकलं:

“बाबा, मी सुट्टीवर नाई आली! मी नोकरी सोडली! मी जग पाहाले चालली, अन् तुमाले सांगतल्याबिगर मले जाचं नाई!”